विहिरीकाठचा धर्मप्रांत

वाचकहो, आपल्यापैकी कुणी भीमाशंकरला जाऊन आले असेल. कुणी वाईजवळच्या मेणवलीला कृष्णेच्या घाटावर उतरले असेल, तर कुणी नाशिकला गोदाकाठचे नारोशंकराचे देऊळ पाहिले असेल. या तिन्ही ठिकाणी एकेक थोरली, परदेशी घडणीची घंटा टांगलेली आहे. दर्शनाला गेलेला माणूस ती पाहतो, तिचा मोठेपणा बघून नवल करतो आणि पुढे जातो. ती घंटा कुठली, हे फार थोडे जण विचारतात.

त्या घंटा वसईकडच्या चर्चमधल्या आहेत. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकला. त्या वेळी विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी तिकडच्या घंटा देशावर आणल्या आणि आपापल्या देवाला वाहिल्या. गेली पावणेतीनशेच्या वर वर्षे त्या आपल्या देवळांत वाजत आहेत.

घंटा देशावर आल्या, पण ज्यांच्यासाठी त्या वाजत होत्या ती माणसे वसईलाच राहिली. त्यांनी आपली वाडी सोडली नाही, विहीर सोडली नाही आणि प्रार्थनाही सोडली नाही. आज या माणसांचा एक स्वतंत्र कॅथॉलिक धर्मप्रांत आहे. त्याचा पाया मराठी बोलणाऱ्या शेतकरी कुटुंबांनी घातला आहे. केळी, पानवेल, भाजी, फुले, भात, दूध, मासळी यांवर जगत आलेली ही मंडळी आपल्यासारखीच पावसाकडे डोळे लावून बसतात. त्यांची ओळख आपण करून घ्यावी, आणि आज त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा आहे तो आपल्याही दारात कसा येऊ शकतो हे पाहावे, यासाठी हा लेख.

मुलूख आणि माणसे

दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा नदी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, असा हा वसई तालुका. मधून रेल्वे जाते. रुळांच्या पश्चिमेला समुद्रापर्यंत जो पट्टा आहे, तो जुन्या वाड्यांचा पट्टा. आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गिरीज, सांडोर, पापडी ही तिथली गावे. नारळाच्या आणि केळीच्या गर्दीत घर लपलेले, अंगणात क्रूस, क्रुसापाशी तुळशीवृंदावनासारखा चौथरा आणि मागे विहीर, असे जुन्या घराचे चित्र.

जळगावकडच्या शेतकरी बांधवांना 'बसराई' केळ ओळखीचे आहे. ते बसराई नाव या वसईवरूनच पडले असे मानतात. इथली दुसरी खासियत म्हणजे सुकेळी. राजेळी जातीची केळी पिकवायची, सोलायची, उन्हात वाळवायची आणि सुक्या पानात बांधून ठेवायची. निर्मळ गावी तळ्याकाठी शंकराचार्यांची समाधी आहे. तिथे कार्तिकात मोठी यात्रा भरते आणि त्या यात्रेत सुकेळी हमखास मिळते. त्याच गावात होली क्रॉस चर्च आहे. एकाच गावात दोन्ही धर्मांची ठिकाणे आहेत आणि दोन्हीकडे जाणारे लोक एकमेकांच्या बांधाला बांध लावून शेती करीत आले आहेत.

इथल्या ख्रिस्ती समाजात सामवेदी आहेत, त्यांना कुपारी असेही म्हणतात. वाडवळ आहेत, कोळी आहेत. सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण या दोघांची घरची बोली एकच, तिला कादोडी म्हणतात. धर्म वेगळा झाला, पण चुलीपाशी बोलायची भाषा तीच राहिली. जुन्या पिढीतल्या सामवेदी बाईचे तांबडे लुगडे आजही एखाद्या सणाच्या दिवशी चर्चच्या आवारात दिसते आणि नव्या मुली कौतुकाने त्याच्याभोवती गोळा होतात.

धर्मप्रांत म्हणजे काय?

कॅथॉलिक नसलेल्या वाचकांसाठी दोन शब्द सांगतो. एका चर्चभोवतीच्या कुटुंबांना मिळून धर्मग्राम म्हणतात. तिथे एक किंवा अधिक धर्मगुरू असतात, त्यांना लोक फादर म्हणतात. अशी अनेक धर्मग्रामे मिळून धर्मप्रांत होतो आणि त्याचा प्रमुख बिशप असतो. आपल्याकडे गाव, तालुका, जिल्हा अशी रचना असते, तसेच काहीसे हे समजावे.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगिजांना दिली. त्यांच्याबरोबर मिशनरी आले आणि इथले बरेच लोक ख्रिस्ती झाले. भारतात जन्मलेले पहिले कॅथॉलिक संत गोन्सालो गार्सिया हे वसईचे. वडील पोर्तुगीज, आई इथली. जपानमध्ये नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्यांना सोबत्यांसह क्रुसावर चढवून मारण्यात आले. १८६२ साली रोमने त्यांना संत म्हणून जाहीर केले. वसईतल्या एका महाविद्यालयाला त्यांचे नाव दिलेले आहे.

पूर्वी हा सारा भाग मुंबईच्या धर्मप्रांतात मोडत असे. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पापडीचे अवर लेडी ऑफ ग्रेस हे त्याचे मुख्य चर्च ठरले. पहिले बिशप थॉमस डाबरे हे वसईतल्या भुईगावचेच. त्यांनी डॉक्टरेटसाठी विषय कोणता घ्यावा? आपल्या देहूच्या तुकोबांचा देवाविषयीचा अनुभव. २००९ साली ते पुण्याला गेले आणि त्यांच्या जागी आर्चबिशप फेलिक्स मच्याडो आले. २०२४ साली फादर थॉमस डिसोजा यांची बिशपपदी नेमणूक झाली.

शेताचे वर्ष आणि चर्चचे वर्ष

या धर्मप्रांतातले सण शेतीच्या कामाशी कसे बांधलेले आहेत ते पाहण्यासारखे आहे.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास राखेचा बुधवार येतो आणि चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. त्या दिवसांत लग्न नाही, वाजंत्री नाही. खाणेपिणे साधे ठेवायचे आणि वाचलेले गरजूला द्यायचे. शेवटच्या आठवड्याच्या आरंभी झावळ्यांचा रविवार असतो. हातात झावळीची पाती घेऊन लहानथोर मिरवणुकीने चर्चमध्ये जातात. पुढे शुभ शुक्रवार येतो आणि मग पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर. ईस्टर झाला की लग्नांची गडबड उडते. मे महिना पवित्र मरियेचा. संध्याकाळी शेजारपाजारची माणसे क्रुसापाशी जमतात आणि जपमाळ म्हणतात. मुले सुट्टीवर असतात, चणेकुरमुरे वाटले जातात, आणि पहिला पाऊस पडायच्या आत कुणाच्या घराची शाकारणी राहिली, कुणाची नाली उपसायची राहिली, हेही तिथेच ठरते.

भात हाताशी आले की मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावरील ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावांत ऑक्टोबरमध्ये 'आगेरा' साजरा होतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांवर आशीर्वाद मागतात. आपल्याकडे नवान्न देवापुढे ठेवतात, त्याचाच हा भाऊ. २ नोव्हेंबरला मृतांचे स्मरण असते. त्या दिवशी आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुले आणि मेणबत्त्या ठेवतात. आणि डिसेंबरात नाताळ. थंडीत गोठ्याचा देखावा उभा राहतो. गाईगुरांमध्ये जन्मलेला देव शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

या किनाऱ्यावरील ख्रिस्ती लग्नातली एक रीत मला फार मोलाची वाटते. लग्नाच्या आदल्या दिवशी घरच्या बायका वाजतगाजत विहिरीवर जातात. विहिरीचा मान करतात, पाणी भरतात आणि ते डोक्यावरून घरी आणतात. त्या पाण्याने नवऱ्यामुलाची किंवा नवरीची आंघोळ होते. ईस्ट इंडियन मंडळी त्याला 'उंबराचे पाणी' म्हणतात. नव्या संसाराचा पहिला आशीर्वाद विहिरीकडून घ्यायचा, असा त्याचा अर्थ आहे.

ती विहीरच आटली किंवा खारी झाली तर? याच प्रश्नाकडे आपण येणार आहोत. पण त्याआधी या समाजाने आपल्या हिमतीवर काय काय उभे केले ते सांगितले पाहिजे, म्हणजे लढण्याचे बळ कुठून आले ते कळेल.

सावकार आणि पतपेढी

शंभर वर्षांपूर्वी वसईच्या बागायतदाराचीही कथा आपल्यासारखीच होती. बियाण्याला पैसा नाही, बैल मेला, मुलीचे लग्न निघाले, की सावकाराचा उंबरठा. कागदावर अंगठा उठला की वाडी हळूहळू हातची जायची.

१९१८ साली मोन्सिनिअर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी लोकांना जमवून कॅथॉलिक समाजाची सहकारी पतपेढी काढली. जास्तीचे चार आणे ज्याच्याकडे असतील त्याने ते आणून ठेवायचे, आणि गरज असेल त्याने रास्त व्याजाने न्यायचे. नुसत्या प्रवचनाने कर्ज फिटत नाही, हे त्या धर्मगुरूने ओळखले होते. त्या पतपेढीची पुढे 'बेसिन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक' झाली आणि २०१८ साली तिला शंभर वर्षे पूर्ण झाली. बँकेचे नाव कॅथॉलिक असले तरी तिची गोष्ट कुठल्याही गावाने ध्यानात ठेवावी अशी आहे. ज्या गावात विश्वासाने पैसा ठेवायला आणि काढायला जागा असते, त्या गावातली जमीन सहजासहजी परक्याच्या नावावर होत नाही.

मराठीतली प्रार्थना

पूर्वी चर्चमधली मुख्य उपासना, म्हणजे मिस्सा, लॅटिन भाषेत होत असे. म्हाताऱ्या बायका भक्तिभावाने गुडघे टेकून बसत, पण शब्द कळत नसत. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये जगभरच्या बिशपांची परिषद भरली. त्यानंतर लोकांच्या भाषेत उपासना करण्याची वाट मोकळी झाली आणि वसईत मिस्सा मराठीतून होऊ लागली.

मराठीची ओढ मात्र त्याआधीपासून होती. १९५५ साली 'सुवार्ता' हे मासिक सुरू झाले. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ पासून २००७ पर्यंत त्याचे संपादक होते. त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२० साली उस्मानाबाद येथे, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्याचे अध्यक्ष फादर दिब्रिटो होते. ते ठरले तेव्हा काहींनी आक्षेप घेतला होता. प्रकृती बरी नसतानाही ते संमेलनाला आले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

पण वसईच्या शेतकऱ्यांना फादर दिब्रिटो आठवतात ते आणखी एका कारणासाठी. ते कारण म्हणजे पाणी.

बावखल

वसईच्या वाडीत एक गोष्ट असते, तिला बावखल म्हणतात. बावखल म्हणजे वाडीत खणलेले छोटे तळे. पूर्वजांनी हातांनी खणलेले. पावसाचे पाणी आजूबाजूने वाहत येऊन त्यात साठते आणि जमिनीत मुरते. काठावर झाडी असते, आत मासे असतात. उन्हाळ्यात पाणी उतरले की तळचा गाळ काढून केळीच्या आणि पानवेलीच्या मुळाशी घालायचा. एकाच खड्ड्यातून पाणी, खत आणि मासळी. बावखलात मुरलेले पाणी शेजारच्या विहिरीला मिळते. म्हणून जिथे बावखल भरलेले, तिथे विहिरीला पाणी.

समुद्र हाकेच्या अंतरावर असताना विहिरीचे पाणी गोडे कसे राहते? ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा थोडे हलके असते. पावसाचे पाणी वाळूत मुरले की ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, दुधावर साय असावी तसे. ढोबळ हिशेब असा, की विहिरीतले गोडे पाणी समुद्राच्या पातळीपेक्षा एक हात उंच असेल, तर त्याखाली सुमारे चाळीस हात गोडे पाणी असते. हे ऐकून बरे वाटते. पण हाच हिशेब उलटाही चालतो. उपसा करून वरची पातळी एक हात खाली आणली, तर खालून खारे पाणी काळाने तितकेच, म्हणजे चाळीस हात, वर चढते. सायीला धक्का लागला की दूध वर येणारच.

रहाटाच्या काळात ही भीती नव्हती. बैल किंवा रेडा गोल फिरायचा, रहाटाला लावलेल्या गाडग्यांतून पाणी वर यायचे. जनावर दमले की रहाट थांबायचा आणि विहिरीलाही विसावा मिळायचा. पुढे यंत्र आले. यंत्र दमत नाही. तरीसुद्धा वाडीपुरता उपसा होता तोवर निभावले, कारण वाडीला घातलेले पाणी काही अंशी त्याच जमिनीत मुरत होते.

खरा घाव बसला तो टँकरचा. रेल्वेच्या दोन्ही अंगांना इमारती वाढू लागल्या. तिथे माणसे राहायला आली, पण नळाला पाणी नव्हते. मग वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकरने तिकडे जाऊ लागले. पाण्याला रोख पैसा मिळतो म्हटल्यावर काही विहीरमालकांनीही ते विकले. आणि हळूहळू एकेका विहिरीच्या पाण्याची चव बदलली. पानवेल पिवळी पडू लागली. केळीची पाने कडेने करपू लागली. ज्याने पाणी विकले त्याचीच विहीर बिघडते असे नाही. पाणी जमिनीखालून एक असते. शेजाऱ्याच्या उपशाने आपलीही विहीर खारी होते.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर दिब्रिटो तिच्या आघाडीवर होते. पाण्याचा बेसुमार उपसा आणि हिरव्या पट्ट्यावर बांधकामाला मोकळीक, या दोन गोष्टींविरुद्ध गावे एक झाली. हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही उतरले, कारण विहीर कुणाला धर्म विचारत नाही. बायका मोठ्या संख्येने मोर्चात आल्या. पाणी भरणारी बाई, तेव्हा पाण्याचे दुखणे तिला आधी कळते. चर्चच्या आवारात सभा होत. एका धर्मगुरूने प्रार्थनेचे आसन सोडून असल्या भानगडीत का पडावे, असेही त्या काळी विचारले गेले. त्याचे उत्तर साधे आहे. ज्या पाण्याने मुलाला बाप्तिस्मा द्यायचा, ते पाणी गावात राहते की नाही याची चिंता धर्मगुरूने करायची नाही, तर कुणी करायची? २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वी हे आपले सर्वांचे घर आहे आणि ते जपणे हा धर्माचाच भाग आहे असे सांगणारे पत्र जगभरच्या लोकांना लिहिले. वसईच्या शेतकऱ्यांनी ही गोष्ट त्याआधी पंचवीस वर्षे रस्त्यावर उतरून सांगितली होती.

लढ्याने काय साधले?

खरे सांगायचे तर सगळे साधले नाही. १९९० साली या भागाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे गेले. इमारती वाढतच राहिल्या. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. नगरपालिकांबरोबर आजूबाजूची गावेही तिच्यात घेतली गेली. २९ गावे वगळावीत म्हणून मोठे आंदोलन झाले आणि तो वाद पुढे वर्षानुवर्षे न्यायालयात राहिला. २०११च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत सुमारे १२ लाख २२ हजार माणसे मोजली गेली. तरीही पश्चिमेच्या पट्ट्यात आज ज्या वाड्या उभ्या दिसतात, त्या त्या वेळच्या जागेपणामुळे वाचल्या, हे विसरता येत नाही.

२०१८च्या जुलैत मुसळधार पावसाने वसई-विरार पाण्याखाली गेले. घरांत पाणी शिरले, रेल्वे थांबली, मिठागरांतले मजूर अडकून पडले. पाऊस तर पूर्वीही पडत होता. पण पाणी वाहून जायच्या नाल्या आणि पाणी साठायची बावखले मधल्या काळात बुजली होती. उन्हाळ्यात टँकर आणि पावसाळ्यात पूर, ही दोन्ही संकटे एकाच चुकीची फळे आहेत.

डोंगरातला भाऊ

इथे एक अवघड गोष्ट सांगायला हवी. वसईचा धर्मप्रांत केवळ किनाऱ्यापुरता नाही. तो उत्तरेला डहाणू-तलासरीपर्यंत आणि पूर्वेला जव्हार-मोखाड्याच्या डोंगरापर्यंत पसरला आहे. तिकडे आदिवासी शेतकरी आहेत. तलासरीला येशूसंघीय धर्मगुरूंनी आदिवासी मुलांसाठी शाळा आणि वसतिगृह चालवले. किनाऱ्याच्या मानाने तिकडे शेती कोरडवाहू, आणि पावसाळा संपला की कामासाठी बाहेर पडावे लागते.

वसई-विरारची तहान भागवण्यासाठी पाणी आणले गेले ते तिकडूनच. सूर्या नदीवर धामणीचे धरण झाले ते मुख्यत्वे शेतीच्या सिंचनासाठी. पुढे त्यातला मोठा वाटा वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांना ठरला. ज्या शेतकऱ्यांच्या नावाने धरण बांधले, त्यांनी विरोध केला. म्हणजे किनाऱ्यावरच्या विहिरी आणि बावखले आपण बुजवायची आणि डोंगरातल्या भावाच्या शेताचे पाणी प्यायचे, असा हा हिशेब झाला. एकाच बिशपच्या छायेखाली दोघेही एकच प्रार्थना म्हणतात, आपली रोजची भाकर आज आम्हांला दे. त्यातला 'आम्हां' हा शब्द किती दूरवर पोचतो, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा. हा प्रश्न एका वसईचा नाही. धरणाखालच्या आणि धरणावरच्या प्रत्येक गावाचा आहे.

वाडी का विकली जाते?

दोष फक्त बाहेरच्यांना देऊन चालणार नाही. वाडी विकणारा वाडीतलाच असतो आणि त्याच्याही काही अडचणी असतात. आजोबांची एक वाडी, मुलगे चार, नातवंडे बारा. प्रत्येकाच्या वाट्याला केळीच्या दोन ओळी येतात. त्यावर घर चालत नाही. मुलगा शिकला, मुंबईला नोकरीला लागला. सकाळी पाण्याची पाळी सांभाळायला घरात फक्त म्हातारी उरली. गडी मिळत नाही. दादरच्या बाजाराला पहाटेच्या गाडीने फुले आणि भाजी घेऊन जाणारी बाई थकली, सुनेला तो धकाधकीचा धंदा नको आहे. अशात कुणी दारात येऊन पिशवीभर पैसे देऊ केले, तर 'नाही' म्हणायला मोठे काळीज लागते.

पण वाडी गेली की तिच्यामागून काय काय जाते, हे व्यवहाराच्या कागदावर लिहिलेले नसते. अंगणातला क्रूस जातो. मे महिन्यातली जपमाळ जाते, कारण शेजारी पांगतात. लग्नात पाणी आणायला विहीर उरत नाही. मग कुठे पिंपातल्या पाण्याने रीत भागवायची वेळ येते. कादोडी बोलायला म्हातारीला कुणी मिळत नाही. इमारतीत राहायला आलेली ख्रिस्ती कुटुंबेही धर्मग्रामात येतात, कुणी मंगळूरकडचे, कुणी गोव्याचे, कुणी केरळचे. ती आपलीच माणसे. त्यांच्यामुळे चर्च भरलेले दिसते. पण वाडीतला माणूस मागच्या बाकावर बसून विचार करतो, की चर्च भरले, पण माझी विहीर रिकामी झाली.

आशेची खूण

अलीकडच्या वर्षांत वसईच्या काही गावांतले तरुण बावखले साफ करू लागले आहेत. सुट्टीच्या दिवशी फावडी-घमेली घेऊन उतरायचे, जलपर्णी आणि कचरा काढायचा, गाळ उपसायचा. ज्यांनी रहाट कधी फिरताना पाहिला नाही, अशी ही मुले आहेत. आजोबांनी खणलेला खड्डा म्हणजे डासांचे घर नव्हे, ती आपली पाण्याची तिजोरी आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. हे काम मोठे नाही, पण योग्य जागी केलेले आहे.

वाचकहो, आपण देशावर असा, विदर्भात असा की कोकणात असा, वसईच्या या गोष्टीतून चार गोष्टी घरी नेण्यासारख्या आहेत.

पहिली, आपल्या विहिरीत पाण्याच्या पातळीची खूण करा. दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी दोरी सोडून मोजा आणि घरातल्या शाळकरी मुलाला वहीत लिहायला सांगा. समुद्रकाठी असाल तर चवही लिहा. पाच वर्षांची वही सभेत दाखवली, तर शंभर भाषणांपेक्षा ती जास्त बोलते.

दुसरी, शेतातले जुने तळे, खड्डा, नाली बुजवून दोन ओळी जास्त लावण्याचा मोह टाळा. त्या दोन ओळींसाठी सगळी बाग पाण्याला महाग होईल.

तिसरी, गावाची पतपेढी असेल तर ती सरळ चालवा, नसेल तर काढा. अडीअडचणीला पैसा गावातच मिळाला तर जमीन गावात राहते.

चौथी गोष्ट घरातली. वाटणीचे बोलणे वडीलधारे हयात असतानाच बसून करा. विहीर, बावखल आणि वाट या तीन गोष्टी वाटणीत तोडू नका, त्या सामाईक ठेवा. बहिणींना आणि सुनांना त्या बैठकीत बसवा. पाणी कुठून येते आणि किती लागते, हे त्यांना ठाऊक असते.

पुढच्या वेळी भीमाशंकरला किंवा मेणवलीला जाल, तेव्हा त्या थोरल्या घंटेखाली क्षणभर थांबा. ती एके काळी वसईकडच्या शेतकऱ्यांना वाडीतून प्रार्थनेला बोलावत होती. तिचा नाद ऐकून हातातली कुदळ खाली ठेवणाऱ्या माणसांचे वंशज आजही तिथे केळीला पाणी देत आहेत. त्यांची विहीर गोडी राहो, असे त्या घंटेखाली मनात म्हणा, आणि घरी परतल्यावर आपल्या विहिरीत डोकावून पाहा.